पुण्याला परत जाऊ का?

बँकॉकच्या ऑन नुट भागातून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. माहेर सांगलीचं, वय ३६. पुण्यात सहकारी बँकेत अकरा वर्षं नोकरी केली, शेवटी कर्ज विभाग सांभाळत होत्या. नवऱ्याच्या चाकणच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी रयोंगकडच्या कारखान्यात पाठवलं, म्हणून ऑगस्टमध्ये राजीनामा देऊन सात वर्षांच्या मुलासह त्या तिकडे गेल्या. नवरा पहाटे साडेपाचला व्हॅनने निघतो, रात्री आठला परततो. मुलगा शाळेत रुळला आहे. त्या दिवसभर एकविसाव्या मजल्यावर एकट्या असतात. शाकाहारी आहेत. मॉलमध्ये भाजी म्हणून घेतलेल्या ताटात सोडे निघाले, तेव्हापासून बाहेर खाणं बंद आहे. गणपतीत खूप रडल्या. नातेवाईक फोनवर म्हणतात, ‘मजा आहे बाई तुझी.’ एप्रिलमध्ये मुलाला घेऊन पुण्याला जायचं आणि परत यायचंच नाही, असं मनात येतं आहे. शिवाय पुण्यातल्या एका सीए मैत्रिणीने घरबसल्या हिशेबाचं काम देऊ केलं आहे. ते घेऊ का, असंही त्या विचारतात.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘इथे मला कुणी माझ्या नावाने हाक मारत नाही.’ मी तिथे बराच वेळ थांबले. बाकीचा सगळा त्रास या एका वाक्यातून निघतो, असं मला वाटतं. फ्लॅट नवऱ्याच्या कंपनीने घेतलेला, व्हिसा त्यांच्या नोकरीवर, बँक खातं त्यांचं, शाळेत तुम्ही अमक्याची आई. कर्जदाराची फाईल बघून ‘हा फेडेल’ की ‘हा बुडवेल’ हे ओळखणारी बाई अकरा वर्षांनी दूध आणायलाही दुसऱ्याच्या पैशाने जाते, तेव्हा तिला रडू येणारच. यात नाजूकपणा नाही आणि कृतघ्नपणा तर अजिबात नाही. नोकरी, पगार, रोज दिसणारी माणसं हे सगळं एकाच महिन्यात गेलं आणि त्याचं दुःख करायला कुणी उसंत दिली नाही.

आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देते. एप्रिलमध्ये जाऊन या, पण तिकीट परतीचं काढा. मुलाचं शाळेचं वर्ष जूनमध्ये संपेल, निर्णय तेव्हा घ्या. तोपर्यंतचे तीन महिने एकाच कामाला द्या: या शहरात तुमच्या स्वतःच्या चार गोष्टी उभ्या करणं, ज्या नवऱ्यामार्फत आलेल्या नाहीत.

तीन महिने थांबा म्हणते, याला एक साधं कारण ऋतूचंही आहे. तुम्ही पावसाच्या दिवसांत उतरलात, नंतर थोडा बरा काळ आला, आणि जानेवारीपासून तुम्ही या शहराचा सगळ्यात वाईट मोसम पाहताय. डिसेंबर ते मार्च इथली हवा धुरकट असते. वारा पडतो, गाड्यांचा धूर आणि शेतातलं जाळलेलं पाचट मिळून आभाळ राखाडी होतं. शाळा मुलांना मैदानावर सोडत नाहीत, आपणही खिडक्या लावून बसतो. त्यावर मार्च-एप्रिलचा उकाडा. पुण्याच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला हा दमट उकाडा फार थकवतो. मे महिन्यात पाऊस सुरू झाला की हवा धुऊन निघते. महिनोन् महिने खिडक्या बंद असलेल्या घरात बसून घेतलेला निर्णय मला पटत नाही. तुम्हालाही तो पुढे पटणार नाही.

आता कागद. तुमचा पासपोर्ट कंपनीच्या एजंटकडे असतो आणि शिक्के काय आहेत हे तुम्ही नीट पाहिलेलं नाही, हे वाचून मला काळजी वाटली. तुम्ही बँकेतल्या आहात. दुसऱ्याच्या कागदावर तुम्ही डोळे मिटून सही केली नसती, मग स्वतःचे कागद न वाचता कसे सोडलेत? पासपोर्ट या आठवड्यात घरी आणा. तुमचा व्हिसा बहुधा ‘नॉन-ओ’ प्रकारचा, नवऱ्यावर अवलंबून असलेला असेल. त्यावर मुक्कामाची परवानगी कुठल्या तारखेपर्यंत आहे, ते शिक्क्यात बघा आणि फोनमध्ये टाका. सलग ९० दिवस देशात राहिलं की इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो, दर ९० दिवसांनी. उशीर झाला तर २,००० बाथ दंड. हे काम ऑनलाइनही होतं. एजंट करत असेल तर करू दे, पण पावती तुमच्याकडे हवी. घरमालकाने तुमच्या राहण्याची नोंद इमिग्रेशनकडे करायची असते, तिला सगळे ‘टीएम ३०’ म्हणतात. तिचीही प्रत मागून घ्या. पुढे ठिकठिकाणी लागते.

आणि एप्रिलच्या प्रवासासाठी सगळ्यात महत्त्वाचं: निघण्याआधी री-एन्ट्री परमिट काढा. वर्षभराची मुदतवाढ घेतलेली असताना हे परमिट न काढता तुम्ही थायलंडबाहेर पाऊल ठेवलंत, तर ती मुदतवाढ तिथेच संपते. परतल्यावर व्हिसाची सगळी गाडी पहिल्यापासून सुरू. एका प्रवासाचं परमिट १,००० बाथला मिळतं, वाटेल तितक्या प्रवासांचं ३,८०० ला. मुलाचं वेगळं लागतं. सुवर्णभूमी विमानतळावरही मिळतं, पण सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या सुट्टीत, १३ एप्रिलच्या आसपास, तिथल्या रांगेत मुलाला घेऊन उभं राहण्यापेक्षा चेंग वत्तनाच्या इमिग्रेशन कार्यालयातून आधीच घ्या. दिवाळीला घरी गेलेल्या आणि या एका शिक्क्यापायी अडकलेल्या कुटुंबांच्या गोष्टी तुम्हाला कॉन्डोत, म्हणजे तुमच्या इमारतीतही ऐकायला मिळतील.

स्वतःच्या नावाचं बँक खातंही उघडा. एखादी शाखा अवलंबित व्हिसावर नाही म्हणते, दुसरी सहज देते. नवऱ्याच्या कंपनीचं खातं जिथे आहे तिथे आधी विचारा. घरखर्चाची रक्कम दर महिन्याला त्या खात्यात यावी, हातात नोटा म्हणून नव्हे. भारतातलं तुमचं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं, भारतातल्या पैशासाठीचं खातं) करून घ्यायचं राहिलं असेल तर तेही या फेरीत उरका. आणि माझी एक सूचना: या दोन वर्षांतलं घराचं सगळं आर्थिक नियोजन तुम्ही हातात घ्या. पगारातून किती पाठवायचं, एनआरई (परदेशातली कमाई ठेवायच्या) खात्यात किती ठेवायचं, पुण्याच्या फ्लॅटचं कर्ज लवकर फेडायचं का, हे सारं. नवरा चौदा तास बाहेर असतो, त्याला हे जमणार नाही. तुम्हाला उत्तम जमतं.

मैत्रिणीच्या कामाबद्दल. मन खट्टू होईल, पण नको म्हणेन. थायलंडमध्ये परदेशी माणसाने काम करायला वर्क परमिट लागतं. अवलंबित व्हिसावर ते असं मिळत नाही, आधी व्हिसाचा प्रकार बदलावा लागतो. ‘पैसे तर पुण्याच्या खात्यात येतात, कुणाला कळणार’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. परवान्याविना काम केल्याबद्दल दंड होतो, देशाबाहेरही काढतात. एवढी टांगती तलवार घेऊन मिळणारं काम तुम्हाला स्वास्थ्य देणार नाही, आणि स्वास्थ्य हीच तर तुमची गरज आहे. सरळ वाटा आहेत. एखाद्या कंपनीने तुम्हाला घेतलं तर ती बिझनेस व्हिसा आणि परमिट करून देते. मात्र एका परदेशी माणसामागे साधारण चार थाई कर्मचारी असावे लागतात, म्हणून लहान कंपन्या कचरतात. भारतीय ग्राहक असलेल्या मोठ्या कंपन्यांच्या हिशेब विभागांत विचारून बघा. २०२४ मध्ये थायलंडने डीटीव्ही नावाचा पाच वर्षांचा व्हिसा सुरू केला, तो बाहेरच्या देशातलं काम दुरून करणाऱ्यांसाठीच आहे. त्याला पाच लाख बाथ शिल्लक दाखवावी लागते आणि एका वेळी १८० दिवस राहता येतं. तुमच्या बाबतीत तो बसतो का, हे व्हिसाच्या वकिलाला पैसे देऊन विचारा. फुकटच्या सल्ल्यावर, माझ्याही, विसंबू नका. आणि यातलं काही लगेच जमलं नाही तरी शिकणं कुणी अडवत नाही. बँकेत असताना जी परीक्षा ‘वेळ नाही’ म्हणून राहिली, ती आता द्या.

भाषेवर मात्र मी हट्टच धरणार आहे. तुम्ही लिहिता, ‘दोन वर्षांसाठी कशाला शिकायची?’ शिकायची, कारण भाषेविना तुम्ही दोन वर्षं मुक्यासारख्या राहाल. थाई कानाला अवघड वाटते ती तिच्या पाच सुरांमुळे. सूर चुकला की अर्थ बदलतो. पण क्रियापदं काळाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलत नाहीत, त्यामुळे वाक्य चटकन जमतं. आणि लिपी! इंग्रज-अमेरिकन लोक तिला घाबरतात. तुमच्यासाठी ती परकी नाही. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, क वर्ग, च वर्ग, पुढे त, प असाच चालतो. काही स्वर व्यंजनाच्या आधी लिहितात, आपली पहिली वेलांटी लिहितो तसे, एवढं ध्यानात घेतलं की दुकानांच्या पाट्या लागायला लागतात. अशोक स्टेशनच्या आसपास भाषेच्या शाळा बऱ्याच आहेत. मुलगा शाळेत गेल्यावर सकाळचा वर्ग लावा. ऑनलाइन नको. तुम्हाला घराबाहेर पडायचं आहे, वर्गात शेजारी बसलेली जपानी किंवा कोरियन बाई हवी आहे, जी तुमच्यासारखीच नवऱ्याच्या नोकरीमागे आली आहे.

वर्गाची वाट न पाहता आजपासून वापरा अशी दोन वाक्यं देते. ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे माशाचा सॉस घालू नका. ‘माय साय कापी’ म्हणजे ती जवळ्याची चटणीसारखी पेस्ट नको. थाई स्वयंपाकात मीठ जिथे पडायचं तिथे नाम प्ला पडतो, आणि हिरव्या-लाल करीच्या वाटणात कापी असते. म्हणून ‘मी मांस खात नाही’ एवढं सांगून भागत नाही. विक्रेत्याने तुम्हाला फसवलेलं नसतं, त्याच्या हिशेबी ती भाजीच असते. पपईच्या सोम ताम कोशिंबिरीवर आणि पाद थाय नूडल्सवर सोडे घालायची रीतच आहे.

तुमच्यासाठी खरी वाट आहे ‘जे’ची. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरात जे लिहिलेलं दुकान दिसलं की निर्धास्त आत जा. मांस, मासे, अंडं, दूध, कांदा-लसूण काहीच नसतं. चिनी वंशाच्या थाई लोकांचं हे व्रताचं अन्न. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवस ते पाळतात, तेव्हा गल्लोगल्ली पिवळे झेंडे लागतात. एरवीही बहुतेक मोठ्या बाजारात एखादं तरी जेचं दुकान असतं, भातावर दोन भाज्या वाढून देतात, स्वस्तात. एक दुकान निवडा आणि रोज त्याच वेळी तिथेच जा. आठवड्याभरात ती बाई तुम्हाला ओळखेल, पंधरा दिवसांत न विचारता ताट वाढेल. तिला तुमचं नाव सांगा, तिचं विचारा. वयाने मोठी असेल तर नावाआधी ‘पी’ लावा, आपण ताई लावतो तसं. तुमच्या कॉन्डोच्या ऑफिसात, ज्याला सगळे ‘निती’ म्हणतात, तिथल्या मुलीशीही असंच करा. लाइटबिल कुठे भरायचं इथपासून ताप आलेल्या मुलाला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं इथपर्यंत ती सांगेल. डाळी, पोहे, गोडा मसाल्याचं सामान हवं असेल तर पाहुरातला जा, साम योत स्टेशनवर उतरून. गुरुद्वाराच्या सोनेरी घुमटाच्या आसपासच्या गल्ल्यांत बरंच मिळतं. पण दर आठवड्याला जाऊ नका, महिन्यातून एकदा पुरे. फ्रीज पुण्यासारखा भरला की बाहेर पडायचं कारणच उरत नाही.

जायच्या जागांपैकी दोन सांगते, कारण दोन्हीकडचं काम तुमच्यासारख्यांनीच उभं केलं. सुरावोंग रस्त्यावर नीलसन हेज वाचनालय आहे. १८६९ मध्ये बँकॉकमधल्या परदेशी बायकांनी मिळून ते सुरू केलं, आजची देखणी इमारत १९२२ ची. सभासद व्हा, मुलालाही न्या, लहान मुलांचा विभाग छान आहे. दुसरी जागा राष्ट्रीय संग्रहालय. तिथे परदेशी स्वयंसेवकांचा गट १९६९ पासून पाहुण्यांना संग्रहालय समजावून सांगतो. आधी त्यांच्याबरोबर नुसतं फिरून या. द्वारावती या जुन्या राज्याची शिल्पं, रामकियनची म्हणजे थाई रामायणाची चित्रं पाहताना तुम्हाला जे आपोआप कळेल ते इतरांना शिकावं लागतं. पुढे स्वतः गटात काम करावंसं वाटलं तर तुमच्या व्हिसावर ते चालतं का, हे त्यांनाच विचारून घ्या. संध्याकाळी चालायला अशोकजवळचं बेंचाकिती वनउद्यान आहे. तंबाखूच्या कारखान्याच्या जागेवर ते झालं, पाणथळावरून उंच पायवाटा आहेत. सहाला राष्ट्रगीत लागलं की सगळे जागच्या जागी थांबतात, तुम्हीही थांबा.

मराठी माणसं? हवीतच. बँकॉकमध्ये मराठी कुटुंबं आहेत, गणपती बसतो, दिवाळी होते, मुलाच्या कानावर मराठी पडतं. जरूर जा. फक्त एक पथ्य पाळा. कॉन्डोतल्या आपल्या बायकांच्या गप्पा ‘इथे काहीच मिळत नाही, हे लोक असेच’ या वळणावर रोज जाऊ लागल्या, तर तिथून लवकर उठा. तशा गप्पांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि घरी आल्यावर जास्त उदास.

गणपतीत रडलात, त्याबद्दल एक सांगू? पुढच्या वेळी एकट्या घरात बसू नका, हुआय ख्वांगच्या चौकातल्या गणेशाला जा. इथे त्याला फ्रा फिकानेत म्हणतात. चित्रकार, नट, गायक त्याला फार मानतात, सरकारच्या ललित कला विभागाचं चिन्हही तोच आहे. कॉलेजची मुलं परीक्षेआधी हात जोडून उभी असतात, पुढ्यात लाडू, झेंडू, केळी. सिलोम रस्त्यावरच्या मारिअम्मन देवळात नवरात्र होतं, दसऱ्याच्या रात्री मिरवणूक निघते, आणि त्या गर्दीत थाई माणसंच जास्त असतात. आपला देव अनोळखी माणसांनी इतक्या मायेने जपलेला पाहून मला तिथे फार आधार वाटत असे.

आता चार ओळी तुमच्या यजमानांसाठी. त्यांना हे वाचायला द्या. दादा, तुमचे हाल कमी नाहीत. रोजचे ते तास, नवा कारखाना, जपानी साहेब, सगळं मान्य. पण तुम्हाला इथे आल्याआल्या टेबल मिळालं, ओळखपत्र मिळालं, दुपारी जेवायला सोबत मिळाली. तिला यातलं काहीही मिळालं नाही. तिला ‘बाहेर जात जा’ असं सांगू नका, तो सल्ला तिने ऐकून झाला आहे. रविवारची सकाळ मुलाला घेऊन तुम्ही बाहेर जा आणि तिला मोकळी सोडा. भाषेच्या वर्गाची फी खर्च म्हणून मोजू नका. आणि रात्री जेवताना एकदा विचारा की आज कर्ज विभागाची आठवण आली का. ती काय सांगते ते मध्ये न बोलता ऐका.

नातेवाइकांना काय सांगायचं? फार काही नाही. थायलंड भारताच्या दीड तास पुढे आहे. तुमच्या रात्री साडेआठला तिकडे सात वाजलेले असतात, म्हणजे फोनची वेळ नेमकी तुमच्या थकव्याच्या वेळी येते. फोन सकाळी वर्गाहून परतताना करा, पाच मिनिटांचा. आईला मात्र खरं सांगा. ‘मजा आहे’ म्हणणाऱ्यांमध्ये ती नाही, हे तुमच्या पत्रातच दिसतं.

झोप उडाली असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, मुलावर विनाकारण ओरडणं होत असेल, तर जूनची वाट बघू नका. पुण्यातल्या समुपदेशकाशी व्हिडिओवर मराठीत बोलता येतं. या आठवड्यातच वेळ घ्या.

आणि जून आला, तुम्ही वर्गाला गेलात, जेच्या दुकानात बसलात, स्वतःच्या खात्यातून स्वतः खर्च केलात, तरीही मन म्हणालं की मला पुण्यात माझं काम करायचं आहे, तर जा. त्याआधी बँकेत किंवा दुसरीकडे नोकरीचं बोलून ठेवा, मुलाच्या शाळेचा प्रवेश पक्का करा. वडिलांपासून लांब राहण्याबद्दल त्याच्याशी दोघांनी मिळून बोला. उरलेल्या काळात यजमान किती वेळा येतील, तुम्ही किती वेळा जाल, हे तारखांसकट ठरवा. त्या जाण्यायेण्याला पुन्हा री-एन्ट्री परमिट लागेलच, म्हणून आत्ता काढाल ते अनेक प्रवासांचं काढा.